दहा लाख डॉलर म्हणजे काहीच नाही

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

आई रेणुकाई, तुला स्मरून लिहायला बसले आहे.

ही डायरी बियाण्याच्या दुकानदाराने यांना जानेवारीत दिली होती, तेव्हापासून कोरी पडून. रद्दीवाल्याला देण्यापेक्षा लिहिलेली बरी. घरखर्चाची वही वेगळी आहे. त्या वहीच्या रकान्यांत आजचं मावायचं नाही.

श्रावणी सोमवारचा उपास. गॅसवर भगर होती, तेवढ्यात हे चपलांसकट स्वयंपाकघरात आले. बत्तीस वर्षांत असं कधी केलं नाही. "अगं, माळाचा सौदा जमला. एकरी ऐंशी लाख."

एमआयडीसीच्या मागचा आमचा अकरा एकर माळ. मामंजींनी घेतला तेव्हा लोक हसले होते. कधी पिकला नाही. कापूस लावला तर कारखान्यांच्या धुराने बोंडं काळी. आता कुणा कंपनीला तिथे गोदामं बांधायची आहेत.

भगर उतरवली आणि बोटांवर हिशोब केला. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी. आठ कोटी ऐंशी लाख. किती शून्यं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं आणि लगेच खोडलं, कुणी बघेल म्हणून.

देवासमोर नवस बोलले. सौदा पार पडू दे, नवरात्रात पिंपळगावला येऊन तुला अर्ध्या तोळ्याची नथ घालीन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अमेरिकेतून आदिनाथचा फोन. पोरगा एवढा खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "आई, मी मोजलं. बरोबर दहा लाख डॉलर होतात. एक मिलियन. आपण मिलियनेअर झालो!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे श्रीमंत. जगात कुठेही गेलं तरी श्रीमंत."

म्हटलं, असलं फोनवर बोलू नये. पण ठेवल्यावर दिवसभर तो शब्द तोंडात घोळत होता. खडीसाखरेसारखा. खरं ते लिहावं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

नुसती शिसारी आली आहे माणसांची.

रुपया हातात नाही आणि घरात जत्रा. गाडीच्या दुकानाचे दोघे येऊन सोफ्यावर बसतात, विम्यावाला येतो, भस्म लावलेले एक महाराज आले आणि माझ्या कपाळावर लक्ष्मीची रेघ आहे म्हणाले. पाचशे मागितले. मी अकरा दिले. शेजारची वर्षाराणी नळाच्या पाण्यावरून नऊ वर्षं माझ्याशी बोलत नव्हती, ती शेवयांची खीर घेऊन आली. "काकू, तुमचा चेहरा कसा उजळलाय!" खीर गोड, पण गिळवेना, आणि टाकवेनाही, कारण दुधाची होती. खाल्ली.

यांचं तर विचारू नका. केस काळे केले. कानाच्या पाळीलाही काळं लागलं. पांढरी मोठी गाडी सांगून आले. मी भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी वाद घालत होते, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "आता पाच रुपयांसाठी काय तोंड वाजवतीस!"

"मंग काय दहा देऊ?" मी म्हटलं.

संध्याकाळी आदिनाथचा फोन. आवाज उतरलेला. त्याच्या ऑफिसात एकाला मिलियनचं सांगितलं, तर तो हसला म्हणे. तिकडे साध्या घराला तेवढे लागतात. तीन मिलियन असल्याशिवाय कुणी नोकरी सोडत नाही. "आई, मिलियन म्हणजे आता काहीच नाही गं. पूर्वी होतं ते."

हेही मान डोलवू लागले. पुण्यात दोन फ्लॅट, गाडी, लेकीचं, अर्पिताचं लग्न, उरलं काय?

दहा दिवसांत आम्ही श्रीमंत झालो आणि गरीबही झालो. अजून एक पैसा आलेला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

वकील येऊन गेले. सातबाऱ्यावर मामंजींच्या माघारी दोन नावं लागली आहेत. यांचं आणि सगुणाआक्काचं. आक्का यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, पिंपळगाव रेणुकाईला दिल्या आहेत. वकील म्हणाले, "एक तर निम्मे पैसे बहिणीचे, न्हाई तर त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घ्या. कंपनीला भानगड नको."

निम्मे म्हणजे चार कोटी चाळीस.

यांनी सातबारा उलटून पाहिला. मग म्हणाले, "दादांनी तिचं लगीन केलं, तव्हाच तिचं तिला दिलं. बैलगाडीभर भांडी नेली तिनं." आदिनाथ फोनवर होताच. "बाबा, अर्धे केले तर हाफ मिलियन. त्याला तर काही नावच नाही."

अर्पिता सुट्टीला आलेली. ती म्हणाली, "आत्याला विचारलं का कुणी?"

"तू मधी बोलू नको," हे म्हणाले.

मी चहाचे कप उचलले. रीतच आहे ती. अकरा वर्षांपूर्वी माहेरी मीही सही दिली होती. भावाने तीन दिवस ठेवून घेतलं, पुरणपोळ्या केल्या आणि हिरवी साडी दिली, जरीकाठाची, भारी. ती ट्रंकेत तशीच आहे. फॉलसुद्धा लावला नाही. कधी नेसावीशी वाटली नाही, का ते माहीत नाही. प्रसंग आला नसेल.

१४ सप्टेंबर, रविवार

मामंजींचं पित्र. आक्का आणि रामकिसन दाजी सकाळच्या गाडीने आले. दाजींनी वीस वर्षं लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे काढली, डोळे गेले त्यात. आक्का त्यांना हाताला धरून फिरवतात. दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालतात, चाऱ्याचं जाऊन महिन्याला सात-आठ हजार उरतात.

मी वडे तळत होते. आक्का शेजारी येऊन बसल्या, पदराने हात पुसत.

"वैनी, एक इच्चारू का? बद्री परवा फोनवर रडकुंडीला आल्ता. म्हणे पैसा लई दिसून राह्यला, पर पुरत न्हाई. खरंच का?"

मी झारा फिरवत राहिले.

"तुमी देवाधर्माच्या हायेत म्हणून इच्चारते. तुमी खोटं बोलायच्या न्हाईत."

तेल तापलेलं, वडे लाल होत होते. मी म्हटलं, "आक्का, आदिनाथ तिकडं राहतो, त्याला कळतं. दहा लाख डॉलर म्हणजे आता काहीच नाही म्हणतो. पुण्यात दोन फ्लॅट घेतले, पोरीचं लग्न केलं की संपलं."

"दोन घरांत संपतं? अगं माय!" आक्कांनी गालाला हात लावला. "मला वाटलं लई असतील. मंग मी कशाला आडवी येऊ? तुमचंच भागंना, त्यात माझा वाटा कुठं काढता. सही देते मी. बद्रीला सांगा, घोर करू नको म्हणावं."

मी त्यांच्या ताटात दोन वडे जास्त वाढले.

मागचं आवरताना अर्पिता म्हणाली, "आई, आत्याचं आठ हजारांत भागतं आणि आपलं आठ कोटींत भागत नाही?"

"तोंड आवर. पित्राच्या दिवशी तरी."

मी खोटं काय बोलले? पोरगा म्हणाला तेच सांगितलं. आणि घास ठेवल्याबरोबर कावळा शिवला. मामंजी तृप्त आहेत, त्याशिवाय एवढ्या लवकर शिवला नसता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पित्रपाटाचा पंधरवडा संपला, काल घट बसले, आज हक्कसोड झाली.

आक्कांना साडी द्यायची होती. हे म्हणाले, पैठणी घे, पंधरा हजारांची. पंधरा हजार! ट्रंकेतली हिरवी काढली. नवीकोरी, जरीकाठाची, आजच्या भावाने आठ हजारांच्या खाली मिळायची नाही. घड्या पक्क्या बसल्या होत्या, पण घडीवर इस्त्री केली तर कळत नाही. आहेराच्या साड्या फिरतातच.

निबंधक कार्यालयात गर्दी. पंखा चालू, पण वारा नाही. कारकुनाने कॅमेऱ्यापुढे बसवून आक्कांना विचारलं, "मावशी, राजीखुशीने हक्क सोडता ना? कुणाची जोरजबरदस्ती?"

"कसली जबरदस्ती बाबा, माझा भाऊ हाय त्यो." आणि फोटोसाठी पदर नीट करून हसल्या.

अंगठा चालेल म्हणाले, तर आक्का म्हणाल्या, "न्हाई, मला सही येते." दाजींच्या पगाराच्या कागदासाठी चाळिशीत शिकल्या त्या. एकेक अक्षर कोरून काढतात. 'सगु' झालं आणि थांबल्या, पेन झटकलं. हे श्वास धरून उभे. मलाही त्यांच्या 'णा'ची घाई झाली होती, खोटं कशाला लिहू.

सही झाली तसे हे वकिलाकडे वळून म्हणाले, "चला, बला गेली." आक्का तिथेच होत्या. ऐकलं असेल की नाही देव जाणे. त्या साडीच्या पिशवीची गाठ मारत होत्या.

नंतर हॉटेलात भजी खाल्ली. मला दुसरं भजं गेलं नाही. तेल जुनं असणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

खरेदीखत झालं. दुपारी फोन वाजला आणि खात्यात पैसे आल्याचा मेसेज. हे, वकील, दलाल, सगळे त्या फोनवर वाकले, गुळावर माशा घोंगावतात तसे. बघवेना. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

निम्मे यांच्या नावावर ठेवले, निम्मे माझ्या खात्यावर वळवले. बेबीनंदा बद्रीनाथ, चार कोटी चाळीस लाख. आदिनाथ म्हणाला असंच बरं पडतं, कराचं काहीतरी आहे. सुट्ट्या गेल्या की ठेव करायची.

त्याने पुन्हा मोजून पाहिलं. महिन्याभरात डॉलर वर गेला म्हणे. आता दहा लाख भरत नाहीत, थोडे कमी पडतात. पोराचा आवाज असा झाला, जसं घरात कुणी गेलं. मी काय बोलणार? म्हटलं, जेवलास का.

नथीचं विचारायला सराफाकडे गेले. तोळा एक लाख दहा हजारांच्या वर. अर्ध्या तोळ्याचे पंचावन्न हजार, मजुरी वेगळी. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली दाखवली त्याने, साडेअकराशेला. हुबेहूब. देवीला कुठे वजन करायचंय? खर्च पुढे किती उभे आहेत. घेतली. शंभर रुपये कमी करून घेतले.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज अष्टमी.

नव्या गाडीने पिंपळगावला गेलो. रांग मोठी होती. ओटीचं ताट हातात, नथीची डबी पिशवीत. गाभाऱ्याजवळ पोहोचले आणि मान वर केली.

देवी हिरव्या साडीत.

जरीकाठ ओळखीचा. वाटलं, तशाच साड्या हजार असतील. मग घड्यांच्या रेघा दिसल्या. मी केलेल्या इस्त्रीने गेल्या नव्हत्या. अकरा वर्षं ट्रंकेत पडून जिथे जिथे मोडली होती, तिथे तिथे फिकट रेघ, देवीच्या खांद्यावरून, छातीवरून, पायापर्यंत. आणि खालची कड फॉलाशिवाय मुडपलेली.

पुजारी म्हणाले, "तुमच्याच नणंदबाईंनी नेसवली. काल आणून दिली."

आक्का मागेच होत्या, दाजींचा हात धरून. "म्या एवढी भारी कुठं नेसू, वैनी? म्हशीपुढं? देवीला नेसवली आन् म्हणले, आई, माझ्या भावाचं भागू दे. त्याला कमी पडू देऊ नको."

पुजाऱ्यांनी ताट घेतलं आणि, यांनी आधी कळवलं होतं म्हणून, विचारलं, "तुमची नथ होती ना नवसाची?"

माझा हात पिशवीत होता. डबी हाताला लागत होती. काढली नाही. "पुढच्या खेपेला," म्हटलं. देवीच्या तोंडावर खोटं बोलले. मागच्या वेळी वडे तळताना बोलले होते, ते धरून दुसऱ्यांदा. नाही, मध्ये नवसही कमी केला होता. कितव्यांदा ते माझं मलाच नीट मोजता येईना.

निघताना आक्कांनी तुपाची बरणी दिली, घरच्या तुपाची, दोन किलोची. पैसे पुढे केले तर माझा हातच धरला. "ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं आता खर्चा वाढलाय. नवी गाडी बी घ्यावी लागली."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

गाडीत हे हसले. "आक्का लईच भोळी राह्यली बघ. एका साडीवर काम झालं. ती बी आपल्या ट्रंकेतली."

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

रस्त्याच्या कडेला बसून सगळं ओकले. नवं सीट खराब होईल म्हणून यांनी मला सीटवर टॉवेल टाकून बसवलं. म्हणाले, ऊन लागलं.

आज तर उपास होता. भजी खाल्ली नव्हती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं आली, तबकात तशीच राहिली. मी कुणालाही सोनं दिलं नाही. वर्षाराणी आली, तिने माझ्या हातावर पान ठेवून "सोन्यासारखं राहा काकू" म्हटलं. हात साबणाने धुतला. नंतर वाटलं, तिचा काय दोष. वास माझ्याच हाताला येतो आहे.

माहेरच्या सहीचा विचार दिवसभर. भावाने तेव्हा काय सांगितलं होतं ते आज आठवलं. "ताई, जमीन दिसती तेवढी न्हाई गं. वाटणीत कुणाचंच भागायचं न्हाई." मी त्याचं खरं मानलं होतं. आणि नेसले नाही साडी. अकरा वर्षं ती ट्रंक उघडली की वरचे कपडे काढून खालची ती साडी पुन्हा झाकून ठेवायचे. माझ्या अंगाला जी सोसली नाही, ती इस्त्री करून आक्काच्या हातात दिली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बँक उघडताच गेलो. हे गाडी सावलीत लावायला बाहेर. मॅनेजर चांगला मुलगा आहे, त्याने ठेवीचा फॉर्म भरूनच ठेवला होता. "काकू, इथे आणि इथे सही. झालं."

मी म्हटलं, "दुसऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवायचा कागद असतो, तो द्या."

"किती पाठवायचेत?"

"माझ्या नावावरचे सगळे."

त्याने पेन खाली ठेवलं. कुणी फोन करून घाबरवलंय का, कुणी पोलीस असल्याचं सांगितलंय का, सगळं विचारलं. शहाणा आहे. मी म्हटलं, "नणंदेचे आहेत. माझ्याकडे चुकून आलेत."

खाते नंबर हवा होता. तिथूनच आक्कांना फोन लावला. "पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊन जालन्याला आमच्या बँकेत या. एकाच बाजूची काढा, दोन बाजूंचे पैसे देऊ नका."

"काहून वैनी? आजून सही ऱ्हाइली का? देते की, येते मी."

"राहिली आहे," मी म्हटलं. "पण ह्या वेळी माझी लागते."

तेवढ्यात हे आत आले. कागद वाचला. काळ्या केलेल्या केसांखाली चेहरा पांढराफटक. "येडी झालीस का? हक्कसोड झालीया तिची! कायद्यानं आपलं हाय!"

"तुमच्या नावावरचं तुमचं. मी त्याला हात लावला का?"

"अगं, पुरंल का मंग आपल्याला?"

"अहो, बत्तीस वर्षं मी घर चालवलं, पुरलं नाही असा एक महिना दाखवा."

मग त्यांनी आदिनाथला फोन लावून माझ्या कानाला धरला, जसं डॉक्टरला नाडी दाखवावी. पोरगा ओरडत होता. "आई, अर्धे दिलेस तर आपण मिलियनेअर राहणारच नाही!"

"तूच म्हणालास ना, मिलियन म्हणजे काही नाही?"

"हो, पण..."

"मग काही नाही त्यातलं अर्धं गेलं, तर तू एवढा काहून ओरडून राह्यलास?"

मी फोन यांच्या हातात दिला.

आक्का पावणेदोनला आल्या. घामाने निथळलेल्या, एका हातात दाजींचा हात, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत पासबुक, झेरॉक्स आणि माझ्यासाठी ताकाची बाटली. काय चाललंय ते त्यांना मॅनेजरने दोनदा सांगितलं, कळलं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. "पर तुमचं भागंना ना, वैनी?"

"भागतं," मी म्हटलं. "लई हाय. तव्हा खोटं बोलले मी."

त्या खुर्चीत बसल्या. पदर डोळ्यांना लावला. दाजी विचारत होते, "काय झालं? कोण रडतंय?"

नथीची डबी पिशवीतच होती. अर्ध्या तोळ्याची खरी करायची आहे, पुढच्या नवरात्राच्या आत, घरखर्चातून वाचवून.

मॅनेजरने कागद पुढे सरकवला. माझं पूर्ण नाव लांबलचक आहे. एकेक अक्षर काढायला बराच वेळ लागला. हे दारात उभे होते. आज त्यांना घाई नव्हती.